रुसवा नव्हे तो

पातळ मी विहीणबाईंच्या मांडीवर ठेवलं, आणि त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

भरल्या सोप्यात झालं हे. मंदाचं डोहाळजेवण होतं. मंदा माझी धाकटी लेक, गडहिंग्लजच्या अलीकडच्या गावात मिरची कांडपवाल्यांच्या घरात दिलेली. आमच्याकडं रीत अशी की मुलीच्या आईनं आधी विहिणीचा मान करायचा, मग आपल्या लेकीची ओटी भरायची. म्हणून मी द्वारकाबाईंपुढं बसले, कुंकू लावलं, इरकलचं पातळ आणि खण त्यांच्या मांडीवर ठेवला आणि नमस्काराला वाकले. आशीर्वादाला हात उठला नाही. मान ताठ, डोळे समोरच्या खांबावर, तोंडातून शब्द नाही.

मागं बायकांची कुजबुज सुरू झाली.

"रुसल्या जणू."

"पातळ हलकं असंल."

"काठ बारीक हाय की गं."

द्वारकाबाईंची नणंद बनूआत्या पदर खोचून पुढं आल्या. त्यांना अशा वेळी कुणी बोलवावं लागत नाही. "सोनाक्का, आमच्यात मानाच्या पातळाला चार बोटं काठ लागतोय. तुमाला आधी सांगाय पायजे हुतं."

"चारच बोटं आहे," मी म्हणाले. "तुमची बोटं जाड असली तर त्याला मी काय करू?"

मंदानं डोळ्यांनी मला दटावलं. तिचंही खरं होतं. द्वारकाबाईंचा रुसवा म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. लग्नात पंगतीला वाढायला उशीर झाला म्हणून ही बाई रुसली आणि त्यापायी माझ्या पोरीला पहिल्या दिवाळीला माहेर दिसलं नाही. आता पहिलं बाळंतपण. ते आईच्या घरी व्हायचं. मी खोली सारवून ठेवलेली, शेळी बांधलेली, डिंक आणून ठेवलेला. आज रुसवा निघाला नाही तर त्या सगळ्यावर पाणी, आणि पोरीला जन्मभर ऐकावं लागणार, तुझ्या आईनं भर कार्यात आमचा मान घालवला.

"समजूत काढा बाई कुणीतरी," बनूआत्या म्हणाल्या. "साखर आणा. मंदे, सासूच्या पाया पड."

पोरगी सात महिन्यांची पोटुशी, हिरव्या साडीत घामाघूम झालेली. गुडघ्यावर हात टेकून वाकायला लागली. कुणी साखरेची वाटी द्वारकाबाईंच्या तोंडाशी नेली, कुणी म्हणालं, "वैनी, सोडा आता, ल्हानगीकडं बघा." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मंदाला दंडाला धरून उभी केली आणि म्हटलं, मीच जाते. काय बोलायचं ते तोंडावर बोलते.

गेले, आणि त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेलं.

माणूस वैऱ्याला जेवढं निरखून बघतं तेवढं नवऱ्याला बघत नाही. द्वारकाबाईंचा रुसवा मला पाठ होता. नाकाचा शेंडा वर जातो, खालचा ओठ डावीकडं सरकतो, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून नजर भिरभिरत असते. समजूत घालायला कोण आलं, कोण नाही आलं, कोण दारातच उभं राहिलं, सगळी मोजदाद चाललेली असते. आज ओठ जागच्या जागी होता. डोळे उघडे होते, पण त्यांत कुणी नव्हतं. तोंडात काही नसताना ओठ चुटुचुटु हलत होते, काहीतरी चघळल्यासारखे. उजव्या हाताची बोटं पदराची शिवण चिमटीत धरत होती, सोडत होती, पुन्हा धरत होती.

मी त्यांच्या कानाशी लागून म्हटलं, "द्वारकाबाई, तुमच्या पुरणपोळीला शिळ्या चपातीची चव असते."

एरवी या बोलण्यावर माझा माहेरासकट उद्धार झाला असता. त्या बाईनं पापणी हलवली नाही.



मग जणू कुणी दार उघडावं तसं झालं. त्यांनी एक लांब श्वास घेतला, आजूबाजूला बघितलं, आणि जड जिभेनं म्हणाल्या, "पंगत बसली का?" मग मांडीवर नजर गेली. "हे पातळ कुणाचं?"

सोप्यात हशा पिकला. "बघा, वळख सुदीक देत न्हाईत पातळाला!" बनूआत्या म्हणाल्या. त्यांना वाटलं, काय टोमणा हाणला आमच्या वैनीनं!

पण मला हसू आलं नाही. रुसलेली बाई दुनिया विसरेल, आपण कशावर रुसलो ते विसरत नाही.

माझ्या थोरल्या भावाचं, सदूदादाचं, लहानपणी असंच व्हायचं. जेवता जेवता भाकरी हातातच राहायची, ओठ हलायचे, हाक मारली तरी ओ नाही. बापाला वाटायचं, पोरगं माजलंय. पाठीत धपाटे बसायचे त्याच्या. एक दिवस तो गोठ्याच्या दारात धाडकन पडला, हातपाय झाडायला लागला, तेव्हा बाप त्याला उचलून मिरजेला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, पडून झटके येतात तेवढंच फेफरं नव्हे, ते गप्प होणं हाही झटकाच. माझी आई ते ऐकून दवाखान्याच्या पायरीवर बसली ती उठेना. मी तिच्या मांडीला चिकटून होते. शाळेतलं माझ्या डोक्यात काही राहिलं नाही. हे राहिलं.

मंदाला बाजूला घेतलं. "सासूचं कधीपासनं बरं नाही?"

"बरं नाही असं काय नाही गं. जेवत नाहीत धड. परवा दोनदा ओकल्या. रात्री झोप नाही, छातीत धडधडतंय म्हणतात. हात बघ की कसा थरथरतोय."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

ती खाली बघून म्हणाली, "आम्हाला वाटलं, तू येणार म्हणून चिडचिड चाललीय."

मी सरळ जावयाला गाठलं. जयसिंगराव अंगणात जीपला टेकून पान खात होते. "जावईबापू, जीप काढा. आईला दवाखान्यात न्यायचंय."

"मामी, आईचं तुमाला ठाऊक न्हाई का?" ते हसले. "जेवणं झाली की येईल ताळ्यावर."

बनूआत्या मागोमाग आल्याच. "भरलं कार्य मोडून? शुभ दिसाला घरची लक्ष्मी दवाखान्यात? सोनाक्का, पातळाचं झाकायला हे काढलंसा व्हय?"

"ऐका," मी म्हणाले. "दवाखान्यात काही निघालं नाही तर याच सोप्यात सगळ्यांदेखत मी विहिणीचे पाय धरीन. आणि मंदाचं बाळंतपण इथं करा, मी अवाक्षर बोलणार नाही."

जयसिंगरावांनी पान थुंकलं. सासूनं अशी पैज लावली म्हणजे काहीतरी आहे, एवढं त्यांना कळलं. किल्ली काढायला खिशात हात घातला आणि आतून किंकाळी आली.

द्वारकाबाई पाटावरून आडव्या झाल्या होत्या. आधी उजवा हात कोपरापासून हिसके देत होता, मग तोंड उजवीकडं वाकडं झालं, मग सगळं अंग लाकडासारखं ताठलं आणि हातपाय आपटायला लागले. बांगड्या जमिनीवर फुटत होत्या. तोंडाला फेस आला.

आणि मग सुरू झाली आपली वैद्यकी! एकीनं चप्पल नाकाशी आणली. एकीनं बुक्कीनं कांदा फोडला. किल्ल्यांचा जुडगा मुठीत कोंबायला कुणी आलं, बनूआत्या चमचा घेऊन दातखीळ उघडायला बसल्या.

"चमचा टाका तो!" मी ओरडले. "दात पडतील नाहीतर तुमचं बोट तुटेल. चप्पल पायात घाला आणि अंगणात व्हा. वारा येऊ द्या!"

पाट लाथेनं लांब सारला. त्यांच्या डोक्याखाली तेच पातळ घडीसकट सरकवलं. हातपाय दाबून धरले नाहीत, गळ्याशी घट्ट बसलेली ठुशी तेवढी सैल केली. आपटणं कमी झालं तसं त्यांना कुशीवर वळवलं, फेस बाहेर गळू दिला. मंदा भिंतीला धरून रडत होती. "रडू नको," मी म्हणाले, "त्यांच्या गोळ्यांचा डबा घेऊन ये. असतील नसतील तेवढ्या सगळ्या गोळ्या." द्वारकाबाईंना दमा होता. सारा जन्म मिरचीच्या खकाण्यात गेला, दमा नाही होणार तर काय होणार. दम्याची गोळी त्या वर्षानुवर्षं खात होत्या.

जीपमध्ये त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ज्या बाईनं मला तीन वर्षांत कधी सरळ 'या' म्हटलं नाही, ती माझ्या मांडीवर घोरत होती. वाटेत आणखी एक झटका आला. जयसिंगरावांनी मग रस्ता बघितला नाही.

दवाखान्यात हुक्केरी नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. वयानं माझ्या मंदाएवढ्या, पण हात चपळ. सुई लावली, छातीला मशीन जोडलं, रक्त घेतलं, आणि विचारलं, "पडताना कुणी बघितलं?"

"पडताना नाही. पडायच्या आधी मी बघितलं," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. ओठांचं, बोटांचं, पंगतीचं, पुरणपोळीचंसुद्धा. उजवा हात आधी हलला तेही.

त्यांनी लिहिता लिहिता वर बघितलं. "फार चांगलं बघितलंत, मावशी. गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

मंदानं डबा पुढं केला. दम्याच्या गोळ्या आणि एक गॅसची पुडी.

"आणि नवीन काही? गेल्या आठवड्यात, पंधरवड्यात? खोकल्याचं, तापाचं, कशाचंही?"

जयसिंगराव म्हणाले, नाही. मंदा म्हणाली, नाही. डॉक्टरीणबाईंनी तीनदा विचारलं. "नीट आठवा. हृदय फार जोरात धावतंय. काहीतरी जास्त झालंय अंगात. ते काय, हे कळलं तर मला नेमकं काही करता येईल."

मला द्वारकाबाईंचा डावा हात दिसत होता. शुद्ध अजून नीट आलेली नव्हती, तरी तो हात कनवटीला घट्ट धरून होता. तिथं त्यांचा बटवा असायचा. बाईच्या बटव्याला नवराही हात लावत नाही आमच्याकडं. आणि विहिणीचा बटवा विहिणीनं उघडायचा म्हणजे सात पिढ्यांचं वैर.

"जावईबापू, तुम्ही जरा बाहेर थांबा. मंदे, तूही जा. पाणी पी."

ते गेले आणि मी बोटं सोडवायला लागले.

"नगं..." त्या पुटपुटल्या. "बटवा नगं."

"गप पडा. जिवंत राहिलात तर भांडू."

सुपारी, कात, लवंगा. आणि अगदी तळाशी, कागदात चार घड्या घालून बांधलेली गोळ्यांची पट्टी. निम्म्याच्यावर मोकळी झालेली.

डॉक्टरीणबाईंनी ती उजेडात धरली. "ही लघवीच्या जळजळीवर देतात," हळू आवाजात म्हणाल्या. मग दम्याच्या गोळ्या उचलून दोन्ही शेजारी ठेवल्या, आणि त्यांचा चेहराच बदलला. "बरोबर. हेच ते."

एक थिओफायलिन, दुसरी सिप्रोफ्लॉक्सासिन. नावं माझ्या जिभेला वळत नाहीत, पुढं मंदानं लिहून दिली तशी सांगते.

"वाईट गोळी कुठली यातली?" मी विचारलं.

"दोन्ही चांगल्या. एकत्र वाईट. दम्याची गोळी शरीर रोजच्या रोज वापरतं आणि बाहेर टाकतं. या दुसरीनं ते बाहेर टाकणं मंदावलं. त्या रोजच्याएवढीच गोळी खात राहिल्या, पण रक्तात ती साचत गेली."

"म्हणजे मोरीला बोळा बसला आणि वरून पाणी सोडणं चालूच."

"तसंच. आधी मळमळ, मग थरथर, धडधड, झोप उडणं. साचत गेलं तसं मेंदूला झटके. आधीचे गप्प गप्प, नंतरचे मोठे."

"फेफरं लागलं म्हणायचं आता जन्माचं?"

"आत्ताच तसं म्हणू नका. हे उतरू दे, मग तपासू. पण बरं झालं आज आणलंत. संध्याकाळची गोळी पोटात गेली असती तर मला धीर देता आला नसता."

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तेव्हा द्वारकाबाईंनी डोळे उघडून मला ओळखलं. ओळखल्याबरोबर हात कनवटीला गेला.

"कुणी उघडला?"

"मी."

त्यांनी आजूबाजूच्या खाटांवर नजर टाकली. "कुणाकुणाला कळलं?"

"मला आणि डॉक्टरीणबाईंना."

"तुमाला कळलं म्हंजे गावाला कळलं."

"बघा की कळतंय का."

मग हळूहळू त्यांनीच सांगितलं. आग होत होती, सारखं लघवीला जावं लागत होतं. घरात सांगायचं कुणाला? सुनेला सांगितलं तर सुनेच्या आईला कळणार. नणंदेला सांगितलं तर साऱ्या भावकीत चघळलं जाणार, ह्या वयाला हिला हे काय? म्हणून बाजाराचं निमित्त काढून परगावच्या डॉक्टरकडं एकटीच गेल्या. त्यानं विचारलंही, दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू हायती का. "मी म्हटलं, काय न्हाईत. कवा एकदा तिथनं उठते असं झालेलं."

 मी असते तर मीही हेच केलं असतं.

दुपारी बनूआत्या चार बायका घेऊन वॉर्डात आल्या. बायकांचा वॉर्ड, दहा-बारा खाटा, सगळ्यांचे कान आमच्याकडं. आत्यांनी पिशवी ठेवायच्या आधी तोंड उघडलं.

"भर कार्यात अपमान झाला, मनाला लागलं, म्हणून ह्ये घडलं! जिवावर बेतलं माज्या वैनीच्या. ही पोरगी पायगुणाची न्हाई आणि हिची आई तोंडाची." मंदाकडं बोट करून म्हणाल्या, "हिला आता बाळंतपणाला न्हाई धाडायची. आणि ही म्हातारी आमच्या उंबऱ्याला नगं."

मंदाचा चेहरा पांढरा पडला. माझ्या जिभेच्या टोकावर खरं येऊन बसलं होतं. एक वाक्य टाकलं असतं तर बनूआत्यांचं तोंड बंद झालं असतं. मी द्वारकाबाईंकडं बघितलं. त्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली होती आणि डोळे मिटले होते.

मी जीभ गिळली. ऐकणाऱ्यांना खोटं वाटेल, पण गिळली.

"होय," मी म्हणाले. "माझंच चुकलं. पातळ हलकं होतं. मला जास्त बोलायची खोड आहे. काय दंड करायचा तो मला करा, पोरीला नका करू."

मंदा माझ्याकडं बघतच राहिली. आपल्या आईला चुकलं म्हणताना तिनं कधी ऐकलं नव्हतं.  बनूआत्यांना चेव चढला. "ऐकलं गं? कबूल झाली! आता..."

"बने, खाली बस."

द्वारकाबाई उठून बसल्या होत्या. केस पिंजारलेले, हाताला सुई, पण आवाज कांडपाच्या खडखडाटात गडी माणसांना हाक मारायचा तोच.

"हिचं काय चुकलं न्हाई. मला लघवीची जळजळ हुती."

शेजारच्या खाटांवरच्या माना वळल्या.

"ऐकू आलं न्हवं? लघवीची. तुमच्या लाजंनं मी चोरून गोळ्या आणल्या आणि डॉक्टरला दम्याच्या गोळ्या सांगितल्या न्हाईत. दोन्ही अंगात भांडल्या. तुमी समद्या मला रुसलीया म्हणून साखर चारत बसलासा. ह्या बाईनं मला उचलून आणली, आणि माजी लाज झाकायला आता तुमच्या म्होरं खाली मान घालून बसलीया." त्यांना धाप लागली, पण थांबल्या नाहीत. "मंदी बाळंतपणाला आईकडंच जाणार. जिला बोलायचं आसंल तिनं आत्ता बोलावं."

 एकीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. बनूआत्या पिशवीतलं मोसंबं काढून उगाच पुसत बसल्या.  मी द्वारकाबाईंच्या पाठीशी उशी लावली. त्यांनी लावू दिली.

बायका निघून गेल्यावर पलीकडच्या खाटेवरची एक बाई उठून आली. पाय मोडलेल्या नात्यातल्या बाईला सोबत करायला आलेली, चाळिशीची असेल. आमच्या खाटेशी येऊन उभी राहिली, मागं वळून बघितलं, पदराचं टोक तोंडाशी धरलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मावशी, मलापण हाय वो ते. दोन म्हयनं झालं. कुणाला सांगू?"

द्वारकाबाईंनी पाय आखडून खाटेवर जागा केली.

"बस हितं. डॉक्टरीणबाई येतील आत्ता, त्यांनाच सांगायचं. पण आधी मला सांग, दुसऱ्या कुठल्या गोळ्या खातीस?"